वसईहून घोडनदी

मेणवलीला जायचं खरं कारण शाहरुख खान. 'स्वदेस' आला तेव्हा मी दुसरीत होतो, तेव्हा त्यातलं काहीच कळलं नव्हतं. नंतर इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर तो इतक्या वेळा पाहिला की नासातली नोकरी सोडून गावात वीज तयार करणारा मोहन भार्गव आम्हा सगळ्यांना थोडा थोडा आपलाच वाटायला लागला. (नासा नसली तर नसू दे, खराडी तरी आहे!) त्यातला नदीकाठचा घाट वाईजवळच्या मेणवलीचा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. एका शनिवारी बाईक काढली आणि गेलो.

घाटावर कृष्णेकाठी छोटी देवळं आहेत, आणि शेजारी एका दगडी मंडपीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. आपल्या देवळांत असते तशी ती नाही. खाली पसरत गेलेला घेर, जाड ओठ, आणि अंगावर चक्क बाळ येशूला घेतलेली मारियामाता. वर सन १७०७. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात, म्हणजे आपली जुनी मारुती आठशे जेवढी भरायची साधारण तेवढं. फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि मिसळ खायला वाईत गेलो.

सोमवारी चहाच्या वेळी आमच्या टीममधला वसईकर माझ्या डेस्कपाशी आला. हा वसईचा कुपारी ख्रिस्ती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही चकल्या आणतो, तेव्हा हा सुकेळी आणतो. मला म्हणाला, "अरे, तो फोटो पाहिला. आमची घंटा आहे ती!"

तो हसत म्हणाला आणि मीही हसलो. पण जिना उतरताना माझ्या मनात काहीतरी अडकलं. कारण असली एक घंटा माझ्याही घरात आहे. घरात म्हणजे आजोळात.

तर, थोडी माझी ओळख. मी दौंडचा. वडील रेल्वेत, त्यामुळे दौंड जंक्शनचा भोंगा म्हणजे आमचं घड्याळ. आजोळ शिरूरचं. शिरूरला जुनी माणसं अजून 'घोडनदी' म्हणतात, कारण गाव घोड नदीच्या काठावर आहे. महाशिवरात्रीला शिरूरजवळच्या रामलिंगाची यात्रा भरते, आणि लहानपणी ती यात्रा म्हणजे माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा इव्हेंट. मामा मला खांद्यावर घेऊन गर्दीतून न्यायचा आणि दरवर्षी न चुकता एकच गोष्ट सांगायचा. "बाळ्या, देव आपला हाये, पण घंटा हितली न्हाई. चिमाजीअप्पानं वसईहून आणलीय."

त्या वयात वसई कुठे, चिमाजीअप्पा कोण, कशाचाच पत्ता नव्हता. ती घंटा वसईची म्हणजे वसईला घंटा चांगल्या मिळत असतील, जशा भोरच्या विळ्या किंवा पैठणची साडी, एवढीच माझी समजूत. ती कुणाची तरी होती, कुठल्या तरी चर्चच्या मनोऱ्यावरून उतरवलेली होती, हे कळायला सव्वीसावं वर्ष आणि एक वसईकर लागला.

मग पुढचे तीन-चार वीकेंड वाचण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून. पुढची दोनशे वर्षं वसई ही त्यांच्या 'उत्तर प्रांताची' राजधानी. किल्ल्याच्या आत पोर्तुगीज सरदारांचे वाडे, मठ आणि चर्च. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचं वेगळं चर्च आणि वेगळा मनोरा. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मलेले. म्हणजे शहर साधंसुधं नव्हतं.

त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. याच राज्यात वसई आणि साष्टीतली देवळं पाडली गेली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, त्याचा हात इथपर्यंत पोचत होता. हिंदूंना उघडपणे आपले विधी करणं मुश्कील झालं. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही मंडळी वर्षानुवर्षं पेशव्यांकडे खेटे घालत होती, ती यासाठीच. शेवटी १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टी गेली. मोहिमेचे प्रमुख बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, केळवे, तारापूर पडलं. मग राहिली वसई.

वसईचा वेढा फेब्रुवारीत लागला आणि मे महिन्यापर्यंत चालला. दलदल, समुद्र, दगडी तट, आणि वरून तोफा. सुरुंग लावायचे, ते फुटायचे, कधी आपल्याच माणसांवर. मराठ्यांची हजारो माणसं त्यात गेली. शेवटी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी तह केला. तहात त्यांच्या सैन्याला सन्मानाने शहर सोडून जाऊ देण्याचं, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू देण्याचं कलम होतं. माझ्या वसईकर मित्राचे पूर्वज या मागे राहिलेल्यांपैकी. गोरे साहेब बोटींत बसून गेले, हे शेतात राहिले. केळी लावत, मराठीचीच एक बोली बोलत.

आणि घंटा मात्र घाट चढून आल्या.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या काळात. म्हणजे १७३९ ला असा रस्ता नाही. आणि आपण बोलतोय पाच-सहाशे किलोच्या एका गोळीव वस्तूबद्दल, जिचे तुकडे करून नेता येत नाहीत. पण ज्यांना तोफा घाटातून खालीवर न्यायची सवय होती, त्यांना घंटा अवघड गेली नसावी. बैल, हत्ती, दोर आणि शंभर माणसांचा 'हर हर महादेव', एवढ्यात काम होत असे.

खरा प्रश्न वेगळा आहे. त्या आणल्याच कशाला?

घंटा म्हणजे कासं. तांबं आणि कथील. घंटेत साधारण अठ्ठ्याहत्तर टक्के तांबं आणि बावीस टक्के कथील असतं. कथील जास्त म्हणून आवाज स्वच्छ, लांबवर जाणारा, पण धातू ठिसूळ. तोफ ओतायची तर कथील दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, म्हणजे धातू चिवट होतो आणि बार उडाला तरी फुटत नाही. थोडक्यात, घंटा वितळवा, त्यात तांबं वाढवा, की तोफ तयार! हे जगभरच्या सगळ्या सेनापतींना माहीत होतं.

रशियाचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर १७०० मध्ये नार्व्हाच्या लढाईत स्वीडनने रशियाचा सगळा तोफखाना हिसकावून घेतला. झार पीटरने काय करावं? आपल्याच देशातल्या, आपल्याच ऑर्थोडॉक्स चर्चच्या घंटा उतरवायचा हुकूम दिला आणि १७०१ मध्ये त्यांच्या तोफा ओतल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपभरातून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या, त्यातल्या बहुतेक परत आल्याच नाहीत. घंटा हा युद्धाचा कच्चा माल होता. शत्रूची असो की स्वतःची.

तोफांची गरज मराठ्यांनाही होतीच. आणि तरी वसईच्या निदान काही घंटा तोफेत गेल्या नाहीत, देवळांत गेल्या. भीमाशंकर, पुण्याचं ओंकारेश्वर, मेणवली, नाशिकचं नारोशंकर, आणि आमचं शिरूरचं रामलिंग. वसईच्या घंटांची नावं घेतली जातात तेव्हा ही नावं हमखास येतात.

आता यात 'चिमाजीअप्पांनी स्वतः अर्पण केली' असं सरसकट सांगितलं जातं, ते मात्र तारखा मांडल्या की टिकत नाही. चिमाजीअप्पा वारले डिसेंबर १७४० मध्ये. म्हणजे वसईनंतर त्यांना मिळालं जेमतेम दीड वर्ष. (त्यांची समाधी ओंकारेश्वरापाशी आहे, एकदा जाऊन या.) नाना फडणवीसांचा जन्मच १७४२ चा! मग मेणवलीच्या घाटावर घंटा ठेवायला चिमाजीअप्पा येणार कुठून? नाशिकचं नारोशंकर देऊळ १७४७ चं. त्यावरची घंटा १७२१ सालची. म्हणजे घंटा एकदा वसईहून निघाली आणि सरळ देवळात गेली असं नाही. ती मधल्या काळात कुणाकुणाकडे राहिली, सरदारांनी घेतली, दिली, नव्या देवळात टांगली. विजयाची खूण म्हणून आली, पण पुढच्या पिढीने तिला नवीन काम दिलं.

नाशिककरांनी तर तिला फार मजेदार काम दिलं. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर आलं याचं एक माप म्हणजे नारोशंकराची घंटा. पाणी घंटेला लागलं, म्हणजे आता खैर नाही. कुठल्या तरी चर्चसाठी ओतलेली घंटा, आणि झाली नाशिकच्या पुराची पट्टी!

अजून एक गंमत. युरोपातल्या बऱ्याच कॅथलिक चर्चमध्ये अख्खी घंटाच झुलते. दोर ओढला की घंटा इकडून तिकडे हेलकावे घेते आणि लोलक तिच्यावर आपटतो. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उलट. घंटा जागची हलत नाही, दोरी बांधून फक्त लोलक ओढतात. आपल्या देवळातही तेच, घंटा स्थिर आणि हात लोलकाला. म्हणजे वसईची घंटा घाट चढून आली आणि झुलायची थांबली. वाजायची मात्र थांबली नाही.

इथवर वाचून झाल्यावर एका रविवारी सकाळी दौंडहून शिरूरला निघालो. पाटस, चौफुला, मग सालू-मालूचं पारगाव, भीमेचा पूल, न्हावरा आणि शिरूर. दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. चौफुल्याला चहाला थांबलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाजूचं केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात टाकून दिलेल्या बायका-मुलींना गोळा करून त्यांनी आमच्या दौंड तालुक्यात, केडगावला मुक्ती मिशन वसवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी स्वतः बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी छापलं. चर्च म्हणजे काहीतरी बाहेरचं, असं मी इतकी वर्षं मनात धरून होतो, आणि लोकलच्या खिडकीतून रोज केडगाव स्टेशन बघत कॉलेजला जात होतो. आपल्याला आपला तालुकाही माहीत नसतो. असो.

शिरूरला पोचलो. मामाला म्हटलं, "मामा, तुम्ही दरवर्षी सांगता ती घंटेची गोष्ट, तुम्हाला कुणी सांगितली?"

"माझ्या आज्यानं. त्याला त्याच्या आज्यानं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि साहेबाची गोष्ट म्हाईतीये का तुला? गोऱ्या साहेबाची?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, इथून पुढे ही सगळी कहाणी माझ्यासाठी बदलली.

त्यासाठी पुन्हा वसईलाच जावं लागतं. ऑक्टोबर १८०२. यशवंतराव होळकरांनी हडपसरपाशी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज उधळली. दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला तो फिरत फिरत वसईला पोचला. चिमाजीअप्पांच्या सख्ख्या भावाचा हा नातू. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला, त्याच वसईत, त्याने इंग्रजांशी तह केला. शाळेत आपण 'वसईचा तह' म्हणून घोकतो तो हाच. तहातलं मुख्य कलम हे की इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार. खर्च अर्थातच पेशव्यांचा.

ही फौज राहिली कुठे? शिरूरला! घोड नदीच्या काठी छावणी पडली.

म्हणजे बघा. १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची घंटा शिरूरला आली. १८०२ मध्ये त्याच वसईत स्वातंत्र्य लिहून दिलं, त्या पराभवाची छावणी शिरूरला आली. मध्ये फक्त त्रेसष्ट वर्षं. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या. वसई आणि शिरूर यांच्यात एवढे डोंगर आणि एवढं अंतर, पण मराठी राज्याचा चढ आणि उतार दोन्ही त्याच दोन गावांमधून गेले.

या छावणीचा एक सेनापती कर्नल विल्यम वॉलेस. स्कॉटिश पलटणीचा, ७४ व्या रेजिमेंटचा. सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली तो होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गाविलगडच्या वेढ्यात अवजड तोफा रातोरात डोंगरावर चढवायच्या होत्या. वेल्श नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की तोफखान्याचा माणूस येऊन म्हणाला, हे अशक्य आहे. वॉलेसने उत्तर दिलं की अशक्य कसं, हुकूम तर माझ्या खिशात आहे! (माझ्या ओळखीचे दोन-तीन प्रोजेक्ट मॅनेजर आठवले, पण ते जाऊ दे.)

हा वॉलेस १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. तिथल्याच स्मशानभूमीत त्याला पुरलं. आणि मग असं काहीतरी झालं जे त्याच्या खिशातल्या कुठल्याही हुकुमात नव्हतं. शिरूरच्या लोकांनी त्याला देव केलं.

मामाने सांगितलं तेव्हा मला वाटलं, गावगप्पा. पण मग १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलं तर त्यात छापलेलं! वॉलेसच्या थडग्याला लोक 'सत्पुरुष' म्हणतात. ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर आणि आसपासच्या गावांतली हिंदू मंडळी त्याची पूजा करतात, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून त्याच्या थडग्यावर आणून ठेवतात. म्हणजे १८०९ ला गेलेला माणूस पाऊणशे वर्षांनंतरही शिरूरच्या शेतकऱ्याच्या नव्या धान्याचा मानकरी होता. ज्वारीचं पहिलं कणीस, आणि ते एका स्कॉटिश कर्नलला!

कर्नलची फौज इथे कशासाठी आली होती हे त्या शेतकऱ्याला माहीत नव्हतं का? असणारच. त्याच फौजेने पुढे पेशवाई संपवली. ३१ डिसेंबर १८१७ ला, तहाला बरोब्बर पंधरा वर्षं झाली त्या रात्री, कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या याच छावणीतून पुण्याकडे निघाली आणि १ जानेवारीला कोरेगाव भीमाला लढाई झाली. तिथे इंग्रजांनी जयस्तंभ उभारला तो आपल्या पराक्रमाची जाहिरात म्हणून. पण त्यावर महार सैनिकांची नावं होती. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि त्या दगडाचा अर्थच बदलला. आज तिथे लाखो लोक जातात ते कंपनी सरकारला मानवंदना द्यायला नाही. आपल्या माणसांना आठवायला जातात.

आमच्या एका तालुक्यात, शिरूर ते कोरेगाव या पट्ट्यात, ही तीन उदाहरणं. पोर्तुगीजांची घंटा, इंग्रजाचं थडगं, कंपनीचा स्तंभ (तो भीमेपलीकडे पेरण्याच्या हद्दीत, पण कोरेगाव आमचंच). तिन्ही परक्यांनी केलेल्या वस्तू, तिन्ही युद्धातून आलेल्या. ज्याने केली त्याच्या मनातला अर्थ एकीतही उरला नाही. ज्याने वापरली त्याचा अर्थ तिला चिकटला.

हे सगळं मी वसईकराला सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी, कँटीन रिकामं झाल्यावर. मला वाटलं तो म्हणेल, वा! पण तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझी थिअरी छान आहे. पण 'वापरणाऱ्याची वस्तू' हे जिंकणाऱ्याला सोयीचं असतं ना रे? आमच्याकडची पाडलेली देवळं, त्यांचे दगड वापरून कुणी भिंत बांधली तर तू हेच म्हणशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाहीच आहे.

मग मी त्याला मॉस्कोची गोष्ट सांगितली. दानिलोव मठ हा १२८२ सालचा, मॉस्कोतला जुना ऑर्थोडॉक्स मठ. १९३० मध्ये सोव्हिएत सरकारने तो बंद केला. देशभर घंटा वितळवल्या जात होत्या, यांच्याही गेल्याच असत्या. पण चार्ल्स क्रेन नावाच्या एका अमेरिकन श्रीमंताने मठाच्या अठरा घंटा विकत घेतल्या आणि हार्वर्ड विद्यापीठाला दिल्या. पंचाहत्तरहून जास्त वर्षं त्यातल्या बहुतेक तिथल्या एका वसतिगृहाच्या मनोऱ्यात वाजत राहिल्या, सोव्हिएत संघ कोसळला तरी. १९८३ मध्ये मठ पुन्हा चर्चकडे आला आणि त्यांनी विचारलं, आमच्या घंटा द्याल का? वाटाघाटींना वर्षं लागली. शेवटी रशियात हुबेहूब नव्या घंटा ओतल्या, त्या हार्वर्डला बसवल्या, आणि २००८ मध्ये जुन्या घंटा मॉस्कोला परत गेल्या.

"म्हणजे परत देता येतात," मी म्हटलं. "तुम्हाला परत हव्यात का?"

तो हसला. "परत देऊन ठेवणार कुठे? किल्ल्यातल्या चर्चवर छप्पर आहे का?" खरंच आहे. वसईच्या किल्ल्यातली ती चर्च आज उघडी पडलेली आहेत. मनोरे आहेत, कमानी आहेत, वर आभाळ. तिथे घंटा नेली तर ती म्युझियममधली वस्तू होईल, काचेमागची. मेणवलीला, शिरूरला ती निदान माणसांमध्ये आहे.

मग त्याने त्याच्या आजीचं सांगितलं. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आजी विहिरीवर असो की वाडीत, हातातलं काम ठेवून उभी राहायची, ओठ हलवायची, मग पुन्हा कामाला लागायची. कुणी गेलं की घंटेचे टोल वेगळे पडायचे आणि अख्खा गाव विचारायचा, कोण गेलं? "घंटा म्हणजे आमच्याकडे नाव असतं रे. तिला नाव ठेवतात, पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, माणसासारखं. मला घंटा परत नको. पण ती कुठल्या मनोऱ्यावरची, कुठल्या साली ओतलेली, तिच्यावर काय कोरलंय, एवढं तरी तिथे मराठीत लिहा ना. 'विजयाचं प्रतीक' एवढं लिहून थांबू नका. तुमच्या विजयाआधी तिचं एक आयुष्य होतं."

इतक्या वीकेंडांच्या वाचनात मला न सुचलेली गोष्ट त्याने दोन मिनिटांत सांगितली. मामाच्या आज्याच्या आज्यापासून आलेल्या गोष्टीत चिमाजीअप्पा आहेत, वसई आहे, पण ती घंटा जिच्यासाठी वाजायची ती माणसं नाहीत. आणि वसईकराच्या आजीच्या गोष्टीत शिरूर नाही. दोन्ही अर्ध्या गोष्टी, आणि दोघं सांगणारे एकाच कंपनीत, एकाच रांगेत, तीन खुर्च्या सोडून बसतात.

वॉलेसच्या बाबतीत शिरूरच्या लोकांनी काय केलं हे मला आता जास्त समजतं. त्यांनी त्याच्या फौजेला माफ केलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण जो आपल्या मातीत पडलाय त्याला वर्षातून एकदा वाढून द्यायचं, एवढा साधा व्यवहार त्यांनी पाळला. गावात आलेल्याचं नाव-गाव विचारायचं आणि ताट मांडायचं. घंटेचं ताट मांडलंच आहे, अडीचशेहून जास्त वर्षं ती देवापुढे आहे. नाव-गाव विचारायचं तेवढं राहिलंय.

मेणवलीच्या घंटेवर मारियामाता आहे, साल आहे, ते कुणालाही वाचता येतं. नाशिकच्या घंटेवर साल आहे. हे नीट वाचायला पोर्तुगीज येणारा एक माणूस, एक कॅमेरा, आणि दोन-चार वीकेंड पुरतील. अक्षरं लिहून घ्यायची, वसईच्या चर्चच्या नावांशी ताडून पाहायची, आणि प्रत्येक ठिकाणी चार ओळींची पाटी. हा काही रॉकेट सायन्सचा प्रोजेक्ट नाही. मोहन भार्गवने तर गावात वीज आणली होती, आपण एक पाटी लावू शकत नाही?

येत्या महाशिवरात्रीला वसईकर माझ्याबरोबर शिरूरला येतोय. रामलिंगाला. मामाला फोन करून सांगितलं, की एक मित्र आणतोय, ख्रिस्ती आहे, वसईचा.

मामा दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "वसईचा? आरं मग त्याला म्हणावं, ये. तुझ्या गावची घंटा आमी चांगली संभाळलीय, बघून जा."

हे मी वसईकराला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "सुकेळी किती किलो आणू?"